संशोधन-पदवी आणि चतुष्पादातील उपेक्षित पाद



बी.ए.एम.एस. पूर्ण करून पंधरा-वीस वर्षे व्यवसाय केलेल्या वैद्यांमध्ये अलीकडे एक विचार पुनःपुन्हा बोलून दाखविला जातो. व्यवसाय स्थिरावला, मुले मोठी झाली; आता आरोग्य आणि सामाजिक शुश्रूषा या क्षेत्रात संशोधनाची पदवी घ्यावी काय? दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी राहून ती घेता येईल काय? आणि घेतलीच, तर तिचा रुग्णाला व शास्त्राला उपयोग कोणता? प्रस्तुत लेखात या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

आमचे प्रतिपादन प्रारंभीच सांगतो. पदवी निवडण्यापूर्वी प्रश्न निवडावा; आणि तो प्रश्न आपल्या चिकित्सालयाच्या उंबरठ्याबाहेर शोधावा. जो रुग्ण आपल्याकडे येत नाही आणि जो परिचारक रुग्णाच्या मागे उभा असूनही आपल्या केसपेपरवर येत नाही, त्या दोघांत आपल्या संशोधनाचा विषय दडलेला असतो.

शास्त्रदृष्टी

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या, म्हणजे खुड्डाकचतुष्पाद अध्यायात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येक पादाचे चार गुण मानून चिकित्सा षोडशगुणात्मक ठरते. उपस्थात्याचे, म्हणजेच परिचारकाचे गुण उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग आणि शौच हे होत. ज्याला आज 'सामाजिक शुश्रूषा' असे म्हणतात, तिचे बीज या तिसऱ्या पादात आहे.

गेल्या शंभर वर्षांतील आपले संशोधन मात्र बहुतांशी द्रव्य या पादाभोवती फिरले. अमुक कल्प, तमुक व्याधी, तीस रुग्ण, दोन गट, हा आपल्या प्रबंधांचा परिचित साचा आहे. तो अनावश्यक आहे असे नव्हे. परंतु पक्षाघाताच्या रुग्णाला दिवसातून चार वेळा कुशीवर कोण वळविते, ती व्यक्ती स्वतः केव्हा जेवते, तिची मजुरी बुडते काय, या बाबी या साच्यात मावत नाहीत. द्रव्य उत्तम, भिषक् कुशल, रोगी आज्ञाधारक. तरीही उपस्थाता थकला तर चिकित्सा तीन पायांवर लंगडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

दुसरा आधार विमानस्थानातील जनपदोध्वंसाचा. तेथे वायू, उदक, देश आणि काल यांच्या विकृतीने संपूर्ण लोकसमूह आजारी पडतो, असा विचार मांडला आहे. व्यक्तीच्या प्रकृतीपलीकडे जाऊन गावाचा विचार करण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. प्रमाणांचा विचार केला तर आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही चार साधनेही हाताशी आहेत. आधुनिक संशोधनपद्धती शिकणे म्हणजे प्रत्यक्ष आणि अनुमान यांना मोजमापाची शिस्त लावणे होय.

विदर्भातील तीन दाखले

पहिला दाखला गडचिरोलीचा. डॉ. अभय व डॉ. राणी बंग या दांपत्याने बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली आणि ते गडचिरोली जिल्ह्यात कार्यासाठी परतले. त्यांच्या 'सर्च' संस्थेने दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांमध्ये स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी तरी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र सुमारे ८ टक्केच होत्या. हीच माहिती रुग्णालयाच्या नोंदवहीतून गोळा केली असती, तर केवळ त्या आठ टक्क्यांसारख्या स्त्रियांचे चित्र दिसले असते. पुढे याच संस्थेने ३९ गावांत घरच्या घरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातीलच स्त्रियांना शिक्षण देऊन केलेल्या या उपक्रमाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ साली त्याच नियतकालिकात नमूद झाले. २०११ पासून आशा स्वयंसेविकांमार्फत ही पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. येथे यशाचे मुख्य साधन कोणते होते? सुशिक्षित केलेला उपस्थाता!

दुसरा दाखला मानसिक आरोग्याचा. विदर्भातील ३० गावांत राबविलेल्या 'विश्राम' या कार्यक्रमाचा अहवाल २०१७ साली 'द लॅन्सेट सायकिॲट्री' मध्ये आला. गावपातळीवरील कार्यकर्ते व समुपदेशक यांच्या साहाय्याने, नैराश्यग्रस्तांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. शेतकरी-आत्महत्यांच्या छायेतील प्रदेशासाठी या आकड्यांचे मोल वेगळे सांगावयास नको. सुरुवातीचा आकडाही तितकाच बोलका आहे : शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक कोणत्याही उपचारकाकडे गेलेच नव्हते.

तिसरा दाखला आपल्याच जिल्ह्याचा आणि दुःखद. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना कीटकनाशकांची विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. दाट वाढलेली कपाशी, घातक मिश्रणे, मुखवटा व हातमोजे यांचा अभाव अशी कारणे त्या वेळी चर्चेत आली. अशा रुग्णाला अवगाढ लक्षणे होण्यापूर्वी चक्कर, मळमळ, डोळ्यांची आग इतकाच त्रास असतो आणि तो जवळच्या दवाखान्याची पायरी चढतो. तालुक्याच्या गावातील वैद्याने या प्रारंभिक लक्षणांची तारीखवार नोंद ठेवली, तर ती जनपदोध्वंसाची पूर्वसूचना ठरू शकते. हा संशोधनाचा विषय नव्हे काय?

तीनही दाखल्यांतून निघणारा बोध एकच आहे. महत्त्वाचे प्रश्न महानगरातच सापडतात असे नाही. ते आपल्या परिसरात आहेत. मात्र ते ओळखण्यासाठी आणि सिद्ध करण्यासाठी पद्धतीचे शिक्षण लागते. पदवीचे खरे प्रयोजन ते शिक्षण हे होय.

एक नमुना : पक्षाघाताच्या रुग्णाचा परिचारक

केवळ तत्त्वचर्चेने विषय स्पष्ट होत नाही, म्हणून एक नमुना आराखडा मांडतो. पक्षाघात, ज्याला आपल्याकडे लोक 'लकवा' म्हणतात, त्याचे जुने रुग्ण आयुर्वेदाकडे मोठ्या विश्वासाने येतात. (नवीन झटक्याच्या रुग्णास प्रथम विनाविलंब सुसज्ज रुग्णालयात पाठविणे हे आपले कर्तव्य आहे, रक्ताची गुठळी विरघळविणारा उपचार सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येतो.) रुग्ण घरी परतल्यानंतरची शुश्रूषा कित्येक महिने, कित्येक वर्षे चालते. ती बहुधा पत्नी, सून किंवा मुलगी करते.

_प्रश्न._ 'दिग्रस तालुक्यातील पक्षाघातग्रस्तांच्या घरी शुश्रूषेचा भार कोणावर व किती पडतो आणि तो कशाने हलका होतो?' असा प्रश्न ठेवावा. 'आयुर्वेद आणि समाज' यांसारखा विस्तीर्ण विषय प्रबंधास निरुपयोगी होय. प्रश्नात स्थान, व्यक्ती, मोजावयाची गोष्ट आणि कालमर्यादा ही चारही स्पष्ट असावीत.

_निवड._ केवळ आपल्या चिकित्सालयातील रुग्ण घेतल्यास जे चालू शकतात, ज्यांच्याकडे वाहन आहे, ज्यांना आणणारा कोणी आहे, तेच निवडले जातात. सर्वांत अधिक भार असलेले घर नेमके सुटते. यास्तव तालुक्यातील गावांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून गावे निवडावीत. साधारणतः हजार लोकसंख्येमागे एक आशा स्वयंसेविका असते; तिच्या साहाय्याने निवडलेल्या गावांतील व तांड्यांतील सर्व रुग्णांची यादी प्रथम करावी.

_संख्या._ 'तीस रुग्ण' ही संख्या कोठून आली, असा प्रश्न परीक्षकाने केल्यास उत्तर देता आले पाहिजे. प्रमाण काढावयाचे असल्यास सोपे सूत्र असे : अपेक्षित टक्केवारीस उरलेल्या टक्केवारीने गुणावे, त्यास चारने गुणावे आणि स्वीकार्य चुकीच्या वर्गाने भागावे. निम्म्या परिचारकांवर तीव्र भार असेल असे धरले आणि दहा टक्के इकडे-तिकडे चालेल असे ठरविले, तर ४ × ५० × ५० भागिले १००, म्हणजे १०० घरे लागतात. दहा टक्के घरे गळतील असे मानल्यास सुमारे १११ घरांची यादी हवी. पाच टक्क्यांइतकी अचूकता हवी असल्यास हीच संख्या ४०० होते. गावे समूहाने निवडल्यामुळे ती आणखी दीडपट ते दुप्पट करावी लागते. हे गणित आधी केले म्हणजे आपल्या वेळेत आणि पैशात काय बसते, ते कळते. मोठ्या संकल्पापेक्षा पूर्ण होणारा लहान संकल्प श्रेयस्कर.

_मोजमाप._ रुग्णाची परावलंबिता मोजण्यासाठी बार्थेल निर्देशांक उपलब्ध आहे. त्यात खाणे, स्नान, मलमूत्रविसर्जन, चालणे इत्यादी दहा क्रियांवरून ० ते १०० गुण मिळतात. परिचारकाच्या भारासाठी झारिट यांची २२ प्रश्नांची प्रश्नावली आहे. प्रत्येक प्रश्नास ० ते ४ असे एकूण ८८ गुण असतात. अशी साधने वापरताना मूळ कर्त्यांची अनुमती घ्यावी व मराठी रूपांतर प्रमाणित आहे काय, हे पाहावे. आपण स्वतः भाषांतर केल्यास दुसऱ्या जाणकाराकडून ते उलट मूळ भाषेत करून पडताळावे. दिग्रस परिसरात मराठीबरोबर गोरमाटी, हिंदी व उर्दू बोलणारी घरे आहेत. बंजारा तांड्यावरील वृद्धेला पुस्तकी मराठीतील 'मानसिक ताण' कळेलच असे नाही. तिचा शब्द कोणता, ते प्रथम ऐकून घ्यावे.

_संवाद._ केवळ गुणांकांनी चित्र पूर्ण होत नाही. दहा-पंधरा परिचारकांशी सविस्तर मुलाखती घ्याव्यात आणि नवे मुद्दे निघणे थांबेपर्यंत त्या चालू ठेवाव्यात. मुलीची शाळा सुटली काय, अंथरुणावरील व्रणांची काळजी कोणी शिकविली, रात्री किती वेळा उठावे लागते, शेजारी मदत करतात काय, असे साधे प्रश्न विचारावेत. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढले आहे काय, संजय गांधी निराधार अनुदान योजना किंवा श्रावणबाळ योजना यांचा लाभ मिळतो काय, हेही विचारावे. प्रमाणपत्रासाठी न चालणाऱ्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावे लागते. ही अडचण कोणत्याही प्रयोगशाळेत दिसत नाही, ती घरी गेल्यावरच कळते.

_काल._ माहितीसंकलनाचे वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रानुसार नव्हे, तर शेतीच्या हंगामानुसार आखावे. पेरणी, निंदण आणि कापसाची वेचणी या दिवसांत घरी दुपारी कोणीही भेटत नाही. शिवाय वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडण्याचा प्रश्न तीव्र असतो. म्हणून हंगामात एकदा आणि हंगामाबाहेर एकदा, अशी दोन वेळा नोंद केल्यास फरक समजून येतो.

_नैतिकता._ भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रत्येक संशोधकाने वाचावीत. नोंदणीकृत नैतिकता समितीची मान्यता मिळाल्यावाचून एकही प्रश्न विचारू नये. आपल्यासारख्या व्यवसायी वैद्याबाबत एक सूक्ष्म अडचण अशी की, आपलाच रुग्ण आपल्याला 'नाही' म्हणू शकत नाही. त्याची संमती खरी स्वेच्छेची राहावी यासाठी ती चिकित्सा न करणाऱ्या त्रयस्थ व्यक्तीने घ्यावी आणि नकार दिल्यास औषधोपचारात तिळमात्र फरक पडणार नाही, हे स्पष्ट सांगावे. मुलाखतीत एखादी परिचारिका जीवनाला कंटाळल्याचे बोलली, तर ती केवळ नोंद म्हणून कागदावर ठेवता येत नाही. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग आणि 'टेलिमानस'चा १४४१६ हा दूरध्वनी यांची व्यवस्था आधीच लावून ठेवावी.

_पुढील पायरी._ भाराचे स्वरूप कळल्यावर मगच उपाय तपासावा. परिचारकाला सुखोष्ण तैलाने अभ्यंग, मृदु स्वेदन, कूस बदलणे, गिळताना घ्यावयाची काळजी यांचे पद्धतशीर शिक्षण दिल्यास रुग्णाची परावलंबिता व परिचारकाचा भार कमी होतो काय, हे दोन गटांत पडताळता येईल. तो चिकित्सा-प्रयोग ठरत असल्याने पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदपटावर त्याची नोंद व्हावी. १ एप्रिल २०१८ पासून तेथे केवळ पूर्वनोंदणीच स्वीकारली जाते.

पदवीचे मार्ग

प्रश्न निश्चित झाला म्हणजे मार्गाची निवड सुकर होते.

१) आयुर्वेदातील एम.डी. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा व पूर्णवेळ आहे. प्रवेश अखिल भारतीय आयुष पदव्युत्तर प्रवेश परीक्षेद्वारे होतो. वरील प्रकारच्या प्रश्नास स्वस्थवृत्त ही शाखा अनुकूल होय. व्यवसाय बंद ठेवण्याची तयारी असेल, तरच हा मार्ग धरावा. आयुर्वेद शाखेतील पीएच.डी.साठी सामान्यतः एम.डी. किंवा एम.एस. आवश्यक असते. राज्यातील आयुर्वेद महाविद्यालये १९९८ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. काही संस्था अभिमत विद्यापीठांच्या अंतर्गत चालतात.

२) सार्वजनिक आरोग्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.पी.एच., सामान्यतः दोन वर्षांची असते. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ इत्यादी ठिकाणी बी.ए.एम.एस. पदवीधरांना अर्ज करता येतो. रोगपरिस्थितिविज्ञान आणि संख्याशास्त्र यांचा पाया येथे पक्का होतो.

३) समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी कोणत्याही शाखेच्या पदवीधरास खुली असते. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात ती दूरशिक्षणानेही करता येते. चिकित्सालय सांभाळून शिकणाऱ्या वैद्यास हा मार्ग विशेष विचारार्ह आहे. पुढे समाजकार्य विषयात पीएच.डी. करावयाची झाल्यास आपला जिल्हा अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो.

पीएच.डी.संबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली महत्त्वाची आहे. कालावधी किमान तीन व कमाल सहा वर्षांचा असून पुनर्नोंदणीने दोन वर्षे वाढू शकतात. स्त्रियांना व दिव्यांगांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. प्रारंभी किमान १२ श्रेयांकांचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अर्धवेळ पीएच.डी. करता येते, नोकरीत असल्यास नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. दूरशिक्षणाने वा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. मात्र देता येत नाही. अधिछात्रवृत्तीसाठी बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्याच्या संस्थांच्या जाहिराती त्या-त्या प्रवर्गातील उमेदवारांनी पाहाव्यात. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान संशोधन परिषदेच्या योजनाही आहेत.

सावधगिरीचे मुद्दे

शुल्क भरताच वर्षभरात 'डॉक्टरेट' देणाऱ्या संस्थांपासून दूर राहावे. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे काय, हे अनुदान आयोगाच्या यादीत स्वतः पडताळावे. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकांचाही मोह धरू नये. विषय निश्चित करण्यापूर्वी 'शोधगंगा' या संकेतस्थळावर पूर्वीचे प्रबंध आणि आयुष संशोधन पोर्टलवर प्रकाशित लेख पाहावेत. झालेल्या कामाची पुनरावृत्ती टळते आणि आपल्या प्रश्नाचा कोरा भाग दिसतो.

मार्गदर्शकाची निवड नावलौकिकावरून करू नये. क्षेत्रकार्याचा अनुभव असलेला, महिन्यातून एकदा तरी निवांत भेटणारा मार्गदर्शक हवा. संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला माहिती गोळा झाल्यावर नव्हे, तर आराखडा करतानाच घ्यावा. घरातील मंडळींशीही आधी बोलावे. पाच-सहा वर्षांच्या या व्रतात आपलेही उपस्थाते तेच असतात.

उपसंहार

ज्यांना पदवी घेणे शक्य नाही, त्यांनीही निराश होऊ नये. या महिन्यापासून दीर्घकालीन रुग्णाच्या केसपेपरवर तीन रकाने वाढवावेत : शुश्रूषा कोण करते, दिवसाचे किती तास करते, आणि तिची स्वतःची प्रकृती कशी आहे. वर्षभरात आपल्या हाती जी नोंद तयार होईल, तिच्यातून संशोधनाचा प्रश्न आपोआप पुढे येईल. तो आपण स्वतः हाती घ्यावा किंवा एखाद्या अभ्यासू विद्यार्थ्याच्या हाती द्यावा. आणि तो प्रश्न सुटेपर्यंतही, त्या तीन रकान्यांच्या निमित्ताने, रुग्णामागे उभ्या असलेल्या त्या माउलीला कोणी तरी विचारलेले असेल, 'बाई, तुमची तब्येत कशी आहे?' चिकित्सेचा तिसरा पाद सबळ करण्याची सुरुवात एवढ्या एका वाक्यानेही होते.

इत्यलम्.